डिझेल टाकीत उतरत का नाही?
जुन्या मालमोटारींच्या टाकीची घरगुती तपासणी

खडकवासल्याच्या आसपासच्या गावांतील तरकारी पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटेपूर्वी पोचावी लागते. मेथी, कोथिंबीर यांसारखा नाजूक माल तासभर उशिरा पोचला तर त्याचा भाव उतरतो, आणि शेतात चांगले पिकविलेले रस्त्यात वाया जाते. वाहतुकीतील बिघाड हा म्हणूनच शेतकऱ्याच्याही हिशेबाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका बिघाडाचा विचार केला आहे. दिसावयास तो क्षुल्लक, परंतु वेळ, पैसा आणि पाणी या तिन्हींची तो नासाडी करतो.

गेल्या पावसाळ्यात या रस्त्यावरील एका पंपावर प्रस्तुत लेखकास पुढील प्रसंग पाहावयास मिळाला. तरकारीने भरलेली एक जुनी मालमोटार डिझेल घेण्यास उभी होती. दोनतीन लिटर डिझेल गेले की पंपाची तोटी खट्ट आवाज करून बंद पडे. पंपावरील मुलगा म्हणे, "दादा, गाडीच घेत नाही." चालक म्हणे, "तुझा पंपच उलटा मारतो." शेवटी चालकाने तोटीच्या खटक्यात टाकीचे झाकण अडकवून तो दाबून धरला. क्षणात फेसाळलेले डिझेल टाकीच्या तोंडातून उसळले, चालकाच्या अंगावर उडाले व पावसाच्या पाण्याबरोबर गटाराकडे वाहू लागले. या साऱ्यात अर्धा तास गेला. नंतर शोध घेता टाकीच्या हवानळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले आढळले. नळी सोडवून तारेने ती माती काढली. दहा मिनिटांचे काम, आणि खर्च काहीच नाही. पुढे तीच टाकी विनातक्रार भरू लागली.

मूळ कारण

रॉकेलच्या बाटलीवर नरसाळे घट्ट बसविले की तेल नरसाळ्यातच थांबते, आणि नरसाळे किंचित उचलले की ते भडभडा उतरते, हा अनुभव घरोघरी आहे. बाटली रिकामी दिसली तरी ती हवेने भरलेली असते. हवा बाहेर पडेल तेव्हाच तेल आत जाईल. टाकीचा न्यायही हाच. मालमोटारींसाठी असलेला मोठा पंप मिनिटास ८० लिटर डिझेल देत असेल, तर तेवढ्याच एका मिनिटात ८० लिटर हवा टाकीबाहेर पडावयास हवी. हवेची वाट अरुंद असली तर टाकी हळू भरते. ती वाट बंद असली तर हवा डिझेल येणाऱ्या तोंडातूनच उलटी बाहेर पडते व येताना डिझेल बरोबर आणते.

तोटी आपोआप बंद पडते तीही यामुळेच. तोटीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. डिझेल वाहत असताना त्या छिद्रातून थोडी हवा सतत आत ओढली जाते. टाकी भरून डिझेल छिद्रापर्यंत आले की ही हवा तुटते, आत ओढ निर्माण होते व खटका सुटतो. परंतु त्या छिद्राला खरे डिझेल आणि डिझेलचा फेस यांतील भेद कळत नाही. डिझेल मुळात फेसाळ असते. ते वेगाने पडले, किंवा हवा त्यातून बुडबुडत वर आली, की टाकी अर्धी रिकामी असतानाही छिद्र फेसाने झाकले जाते. तोटीचे काम बरोबरच चाललेले असते. तिचा खटका अडकवून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

तपासणीचा क्रम

पुढील क्रम बिनखर्चाच्या उपायापासून आरंभ करून लावला आहे. एक पायरी तपासून झाल्यावरच दुसरीकडे वळावे.

१. दोष कोणाचा ते ठरवावे. त्या पंपावर सर्वच गाड्या हळू भरत असतील, तर पंपाचे गाळणे चोंदले असण्याचा संभव आहे. हीच गाडी प्रत्येक पंपावर अडत असेल, तर दोष गाडीत आहे.

२. गाडी सपाट जागी उभी करावी. टाकीची बाजू उताराकडे असेल तर टाकीच्या वरच्या भागात हवा कोंडते व टाकी भरण्यापूर्वीच तोंडाशी डिझेल येते.

३. तोटी खोलवर खुपसू नये. तिचे टोक जाळीवर किंवा नळीच्या वळणावर टेकले की धार उलटते व छिद्र लगेच झाकले जाते. तोटी दोनतीन इंच मागे घ्यावी, थोडी फिरवून पाहावी व खटका अर्धाच दाबावा. लहान गाडीच्या अरुंद तोंडात मोठ्या पंपाची जाड तोटी घालण्याचा आग्रह धरू नये.

४. टाकीच्या तोंडातील जाळी काढून पाहावी. धूळ, गंज व काळा चिकट गाळ यांनी ती भरलेली आढळते. डिझेलमध्ये ब्रशाने धुऊन ती पुन्हा बसवावी. जाळी फेकून देऊन टाकी लवकर भरू लागली असे समाधान मानणे चुकीचे आहे. तो गाळ पुढे गाळण्यात व डिझेल-पंपात जातो, आणि त्याची दुरुस्ती फार महाग पडते.

५. हवेची वाट तपासावी. कित्येक जुन्या मालमोटारींत टाकीला रुंद तोंड थेट जोडलेले असते व हवेसाठी झाकणातच बारीक छिद्र असते. भरताना झाकण काढलेले असल्याने अशा टाकीत जाळीचाच दोष प्रथम संभवतो. ज्या गाड्यांत तोंडापासून टाकीपर्यंत लांब नळी गेलेली असते, त्यांत बहुधा हवेची वेगळी बारीक नळी असते. ती दोन्ही टोकांना सोडवून तिच्यातून सायकलच्या पंपाने हवा मारून पाहावी. नळी टाकीला जोडलेली असताना मोठ्या यंत्राची हवा मारू नये. तोंडाने डिझेल ओढणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ते फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते.

६. रबरी नळ्या चाचपून पाहाव्यात. जुने रबर आतून फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात व बाहेरून धड दिसणारी नळी आतून बुजलेली असते. हवानळी मध्येच लोंबत असेल तर त्या झोळात डिझेल साचून हवा अडते. गाडीचा सांगाडा नव्याने बांधताना किंवा दुसऱ्या गाडीची टाकी बसविताना हा दोष बहुधा शिरतो. नळी टाकीकडून वर चढत जाईल अशी बांधावी.

झाकणाचे छिद्र बुजल्यास दोष निराळ्या रीतीने दिसतो. इंजिन डिझेल ओढते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. काही वेळ चालल्यावर गाडीचा जोर कमी होतो आणि झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. हे लक्षण दिसल्यास प्रथम झाकण साफ करावे, मग इंजिन उघडण्याचा विचार करावा.

टाकीला भोक पडले किंवा चीर गेली तर ती घरी झाळू नये. रिकाम्या टाकीतही वाफ राहते व ठिणगी पडताच स्फोट होतो. "डिझेल पेट घेत नाही" हा समज घातक आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा पेट-बिंदू किमान ३५ अंश सेल्सियस आहे, आणि उन्हाळ्यात उन्हातील पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो. भरताना इंजिन बंद असावे व जवळ विडी-काडी नसावी.

टाकी काठोकाठ भरू नये

डिझेल उष्णतेने फुगते. १६० लिटरांच्या टाकीत ते २० अंशांनी तापले तर अडीच लिटरांहून अधिक जागा जास्त मागते. पहाटे काठोकाठ भरलेली टाकी दुपारी गळते ती यामुळे. वीस भागांपैकी एक भाग, म्हणजे या टाकीत आठ लिटरांची जागा, मोकळी ठेवावी. मात्र पावसाळ्यात रात्रभर टाकी रिकामीही ठेवू नये. आतील दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी साचते, गंज धरतो व शेवाळासारखा गाळ वाढतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी व गाळ भांड्यात काढावा.

पिंपातून डिझेल भरताना

शेतावर ट्रॅक्टरसाठी किंवा इंजिनासाठी डिझेलचे पिंप ठेवणारे शेतकरी आहेत. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते, आणि रात्री पिंप थंड झाले की बुचाच्या फटीतून ते आत ओढले जाते. पिंप छपराखाली ठेवावे. हलविल्यानंतर एक दिवस स्थिर राहू द्यावे व हातपंपाची नळी तळापासून तीनचार इंच वर ठेवावी. डिझेल उपसताना दुसरे बूच सैल करावे, कारण येथेही हवेला वाट हवीच.

सांडलेले डिझेल कोठे जाते?

भरताना प्रत्येक वेळी अर्धा लिटर सांडले व आठवड्यातून दोनदा टाकी भरली, तर वर्षाला ५२ लिटर डिझेल मातीत जाते. हा झाला आपला तोटा. दुसऱ्याचा तोटा याहून मोठा आहे. खडकवासल्याचे पाणी पुणे शहर पिते, आणि त्याच जलाशयातून निघालेला मुठा उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूरच्या शेतांना पाणी देतो. एक लिटर डिझेलचा पातळ तवंग हजारो चौरस मीटर पाण्यावर पसरू शकतो. धरणाच्या किंवा कालव्याच्या काठी सांडलेले डिझेल म्हणूनच पाण्याने धुऊन काढू नये. त्यावर कोरडी वाळू, माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा, ते शोषले गेल्यावर खरवडून झाकणाच्या लोखंडी डब्यात भरावे व पंपावर किंवा कारखान्यात जमा करण्याची व्यवस्था पाहावी. ओहोळाजवळ पिंपातून डिझेल भरूच नये. डिझेलने भिजलेले कपडे लगेच बदलून अंग साबणाने धुवावे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधूभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. हा विषय सभेत सांगून जितका पटत नाही, तितका करून दाखविल्याने पटतो. एक बाटली, एक नरसाळे व थोडे पाणी एवढे साहित्य पुरेसे आहे. नरसाळ्याभोवती ओली चिंधी गुंडाळून ते बाटलीवर घट्ट बसवावे, पाणी ओतावे व ते का थांबले हे जमलेल्यांनाच विचारावे. मग चिंधी सैल करावी. त्यानंतर गावातील एखाद्या जुन्या गाडीची जाळी व हवानळी सर्वांसमक्ष काढून पाहावी. पुढल्या खेपेस पंपावर खटका पडला म्हणजे त्या गाडीचा चालक पंपावरील मुलाशी भांडण्याऐवजी आपली हवानळी तपासील, आणि त्याच्या गाडीतील कोथिंबीर वेळेवर बाजारात पोचेल.