बोट सगळ्यात शेवटी

बीजिंग ऑलिंपिक, ऑगस्ट 2008. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने मारायच्या प्रकाराची, अंतिम फेरी. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स आघाडीवर होता आणि एकच गोळी उरली होती. सुवर्णपदकासाठी त्याला 6.7 गुण पुरेसे होते. साडेनऊ पडले तरी ज्यांचा चेहरा उतरतो, अशा लोकांच्या खेळात 6.7 म्हणजे पोहणाऱ्याला गुडघाभर पाणी. एमन्सने सवयीप्रमाणे रायफल लक्ष्याच्या जरा वर धरली आणि सावकाश काळ्या वर्तुळाकडे उतरवायला सुरुवात केली. रायफल वाटेतच होती, तेवढ्यात बोट चापाला लागलं आणि गोळी सुटली. 4.4. सुवर्ण गेलं, कांस्यही गेलं, चौथा क्रमांक.

याच माणसाची चार वर्षांपूर्वीची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. अथेन्समध्ये, याच प्रकारात, शेवटच्या गोळीआधी त्याच्याकडे तीन गुणांची आघाडी होती. त्याने शांतपणे नेम धरला, गोळी झाडली. पडद्यावर काहीच उमटेना. पंच जमले, कुजबुज झाली आणि मग कळलं की गोळी शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर गेली आहे. शून्य गुण आणि थेट आठवा क्रमांक.

क्रीडापत्रकारांनी याला दुर्दैव म्हटलं. ज्याने एन.सी.सी.च्या शिबिरात एकदा तरी रायफल हातात धरली आहे, त्याला मात्र यात दुसरंच काहीतरी दिसेल. ‘नेम पुरता लागेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही’ आणि ‘आपण कशावर गोळी झाडतोय ते ओळखल्याशिवाय झाडायची नाही’ हे दोन नियम तिथे पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगतात. एमन्ससारख्या दिग्गजाचं, ज्याने अथेन्समध्येच दुसऱ्या प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं, पदक दोनदा गेलं ते नेमक्या याच दोन जागी. सुरक्षिततेचे नियम आणि अचूक नेमबाजीचं तंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. मला त्या एकाच अविश्वासातून निघालेल्या वाटतात. तो अविश्वास आहे माणसाच्या शरीरावरचा.

आधी नेमबाजाला नेमकं काय साधायचं असतं ते पाहू. दहा मीटर एअर रायफलमध्ये लक्ष्याच्या मध्यभागी असलेला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीने नुसतं टोचल्यासारखा. छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, हीच काय ती सवलत. पण हल्ली गुण दशांशात मोजतात, सर्वोत्तम 10.9. केंद्रापासून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. आता रायफलीवरचं मागचं भिंग आणि पुढची माशी यांच्यात ऐंशी सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. डोळा, भिंग आणि माशी यांची रेघ माशीपाशी केसाच्या जाडीइतकी, म्हणजे 0.08 मिलिमीटर, चुकली तर दहा मीटरवर छर्रा एक मिलिमीटर बाजूला जातो. चार दशांश गेले. पन्नास मीटरवर तीच चूक पाच मिलिमीटरची होते.

(त्याला भिंग म्हणतात खरं, पण बहुतेकांच्या रायफलीवर ती नुसती चकती असते, मध्ये सुईएवढं छिद्र असलेली. चष्मा सापडत नसला की मुठीच्या फटीतून घड्याळ वाचता येतं, तोच हा प्रकार. बारीक छिद्रातून जवळची माशी आणि लांबचं लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. एरवी डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होता येतं.)

आणि ही केसभर अचूकता कोणाकडून हवी आहे? उभ्या माणसाकडून. उभा माणूस कधीच स्थिर नसतो. आपण तोल ‘सांभाळतो’ म्हणजे सतत किंचित पडत असतो आणि घोट्याचे स्नायू आपल्याला परत ओढत असतात. श्वासाने छाती वरखाली होते. हृदयाचा प्रत्येक ठोका रक्ताबरोबर एक बारीक धक्का अंगभर पाठवतो. रायफल खांद्याला लावली की हे सगळं नळीच्या टोकावर उमटतं. म्हणूनच नेमबाजीत ठोके मंदावून हाताची थरथर कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर या औषधांवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. त्याच बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं या कारणावरून काढून घेतली गेली. धावपटू ताकदीसाठी औषध घेताना सापडतात, नेमबाज शांत राहण्यासाठी.

स्नायूवर भरवसा ठेवता येत नाही, मग ठेवायचा कशावर? हाडांवर. एअर रायफलच्या सरावात उभा असलेला खेळाडू बाजूने पाहा. कंबर लक्ष्याच्या दिशेने पुढे काढलेली, पाठ मागे कललेली आणि डावं कोपर थेट कमरेच्या हाडावर टेकलेलं. दिसायला अवघडलेलं, पण पाच किलोंच्या आसपासचं वजन मनगट, कोपर, कंबर आणि पाय अशा हाडांच्या खांबावरून जमिनीत उतरतं. हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. वजन मानेच्या मणक्यावर सरळ बसलं की हात सोडूनही चालता येतं.

उरलेली कसर पोशाख भरून काढतो. कॅनव्हास आणि चामड्याचं ते ताठ जॅकेट कण्याला बाहेरून आधार देतं. किती आधार चालेल यावर नियम इतके काटेकोर आहेत की स्पर्धेआधी कापडाची जाडी मोजतात. एका थराला अडीच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. ताठपणा मोजायला वेगळं यंत्र. तसेच ताठ विजार आणि सपाट तळव्यांचे बूट घालून हे खेळाडू फायरिंग लाइनकडे निघाले की बदकांची रांग चालल्यासारखी दिसते. एका डोळ्यापुढे टांगलेली छोटी पट्टी असते, कारण तो डोळा मिटून ठेवला तर चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. बसून आणि झोपून मारताना दंडाला बांधलेला चामडी पट्टा रायफलीला जोडतात. पट्टा, दंड आणि पुढचा हात मिळून त्रिकोण होतो, आणि त्रिकोण हा असा आकार आहे जो बाजू मोडल्याशिवाय हलत नाही. पुलांच्या लोखंडी कैच्या पाहिल्यात ना, तेच. उभ्याने मारताना मात्र हा पट्टा चालत नाही. तिथे माणूस आणि त्याची हाडं.

1 ऑगस्ट 2024 ला फ्रान्समधल्या शातोरूच्या ऑलिंपिक रेंजवर याच थ्री पोझिशन्समध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं, तेव्हा आपल्याकडे बातम्या झाल्या त्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव, रेल्वेतली तिकीट तपासनीसाची नोकरी आणि 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक याभोवती. रास्तच होतं. पण आदल्या दिवशी तो पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवा आला होता, आणि अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून आणि शेवटी उभ्याने असा क्रम होता. म्हणजे शरीर ताजं असताना सोपा आधार आणि थकल्यावर सगळ्यात अवघड. उभ्याच्या फेरीत एकेक जण बाद होत जातो. तिथे टिकणं हे धाडसाचं काम नाही, ते कंटाळवाण्या सवयीचं आहे. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः याच प्रकारात अथेन्सला खेळल्या होत्या.

पन्नास मीटरवर वापरतात त्या .22 च्या गोळीचं वजन जेमतेम 2.6 ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाहून किंचित कमी. हे मुद्दाम. आवाजाहून वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना हेलकावते. मग सुरुवातीपासूनच हळू गेलेलं बरं. नळीच्या आतल्या सर्पिल खाचांमुळे गोळी स्वतःभोवती सेकंदाला साधारण आठशे गिरक्या घेत बाहेर पडते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी ती टोक पुढे ठेवून जाते. इंग्रजीत या खाचांवरूनच हत्याराला रायफल हे नाव पडलं. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो आणि तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली पडते. त्यामुळे नेम धरताना नळी खरं तर किंचित आकाशाकडे पाहत असते.

एवढीशी गोळी. पण नळी नीट वर रोखली गेली तर ती दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. कागदाला भोक पाडून ती थांबत नाही, हे नवख्याला खरंच ठाऊक नसतं. म्हणून रेंजच्या टोकाला मातीचा उंच बांध असतो, दगडाची भिंत नसते. आणि पाण्याच्या दिशेने कधीच झाडत नाहीत. तळ्यावर चपटा दगड तिरका भिरकावला की टप्पे घेत जातो. गोळीही घेते.

आता आमच्या एन.सी.सी.च्या शिबिराकडे वळतो. .22 रायफल, पंचवीस मीटर, प्रत्येकी पाच गोळ्या. ‘लेट के पोझिशन’ ऐकलं की सतरंजीवर पालथं पडायचं. आमचे उस्ताद, हवालदार, रांगेच्या मागून फिरत आणि नेमाबद्दल चकार शब्द काढत नसत. ते फक्त बोटांकडे बघत. कोणाचं बोट चापाच्या कड्यात दिसलं की बुटाची टाच हलकेच त्याच्या टाचेवर आपटायची आणि विचारायचे, ‘उंगली को ठंड लग रही है क्या?’ बोट कड्याबाहेर, लाकडाला समांतर, सरळ. माझ्या शेजारच्या मुलाच्या कोपराखाली मुंगळा आला. तो किंचाळला आणि त्याची मूठ घट्ट आवळली गेली, मला दोन फुटांवरून दिसली. रायफल भरलेली होती. बोट बाहेर होतं. काहीच झालं नाही.

त्या क्षणामागचं शरीरशास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दचकलं की हाताच्या मुठी आवळल्या जातात. ही आज्ञा मेंदूच्या बुडख्याशी सुटते, विचार करणाऱ्या भागाला बातमी पोहोचण्याआधी. दुसरं, एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताचे स्नायूही आपोआप थोडे आकसतात; जाम झाकण उघडताना दुसऱ्या हाताकडे लक्ष द्या. तिसरं, तोल गेला की हात काहीतरी धरायला धावतात. पोलिसांकडून नकळत गोळ्या सुटण्याच्या घटनांचा अभ्यास करणाऱ्यांनी हीच तीन कारणं पुन्हा पुन्हा पुढे आणली आहेत. तिन्हींवर इच्छाशक्तीचा इलाज नाही. ‘मी सावध राहीन’ याला काही अर्थ नाही, कारण सावध राहणारा मेंदू रांगेत मागे उभा असतो. इलाज एकच, बोट दुसरीकडे ठेवणं. स्पर्धेच्या रायफलीचा चाप तर शंभर ग्रॅमच्या आसपासच्या, कधी त्याहूनही कमी दाबाला सुटतो. मोठं लिंबू टांगलं तरी पुरे. बीजिंगमध्ये एमन्सचं बोट अशाच चापाला लागलं होतं.

तरी तिथे कोणाला इजा झाली नाही, कारण नळी लक्ष्यांच्या दिशेने होती. जगभर शिकवले जाणारे चार नियम अमेरिकेच्या जेफ कूपर या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने आजच्या रूपात रूढ केले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी फिरवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य आणि त्याच्या मागचं सगळं ओळखायचं. यातलं गणित मला फार आवडतं. अपघात व्हायला बहुतेक वेळा दोन नियम एकदम मोडावे लागतात. एक मोडला तर दुसरा झेलतो. विजेच्या मीटरला फ्यूज असतो आणि घरात पुन्हा ट्रिपर असतो, तसं.

हल्ली ऑनलाइन दुकानांत ‘टॅक्टिकल’ हे विशेषण लावून हातमोज्यांपासून पाठपिशवीपर्यंत काहीही काळ्या रंगात विकतात. रेंजवर खरं कामाचं सामान फारच साधं असतं. कानात बोळे, कारण .22 चासुद्धा बार कानाशी 140 डेसिबलच्या आसपास जातो आणि आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोळ्यांवर चष्मा. सराव संपला की साबणाने हात धुणं आणि मगच डबा उघडणं, कारण छर्रे शिशाचे असतात आणि काडतुसाच्या धुरातही शिसं असतं. आणि एक भडक नारिंगी किंवा पिवळी प्लास्टिकची दोरी. एअर रायफलच्या नळीत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घालतात, दोन्हीकडून बाहेर दिसेल अशी. ती दिसत असली म्हणजे आत काही नाही हे हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसालाही समजतं. कोणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आमच्या काळी ती दोरी नव्हती. पाच गोळ्या संपल्या की ‘खाली कर’ची आज्ञा यायची. बोल्ट मागे. मग उस्ताद प्रत्येकाजवळ उकिडवे बसायचे, चेंबरमध्ये डोकावायचे आणि डोळ्यांवर समाधान न मानता करंगळी आत घालून चाचपायचे. माझ्या रायफलीत त्यांनी तीनदा घातली. मी म्हटलं, ‘उस्ताद, खाली है.’ ते म्हणाले, ‘मालूम है’, आणि बोल्ट पुढे ढकलायला लावून, नळी मातीच्या बांधाकडेच ठेवायला सांगून, मला चाप ओढायला लावला. टक् असा आवाज झाला. मग ते पुढच्या मुलाकडे सरकले आणि त्याच्या चेंबरमध्येही करंगळी घातली.