जुना संगणक, नवे कॅबिनेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेस्कटॉपचे कॅबिनेट बदलताना प्रोसेसर इंटेलचा आहे की एएमडीचा, तो कोणत्या पिढीचा आहे आणि रॅम किती आहे, याला महत्त्व नसते. कॅबिनेटची निवड चार गोष्टींच्या मापांवर ठरते: मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवरचा कूलर. ही मापे घरी टेपने घेता येतात. ती न घेता केवळ बाहेरचा आकार आणि काचेची बाजू पाहून केलेली खरेदी बहुतेक वेळा फसते.

मदरबोर्डाच्या आकाराला ठरलेली मानके आहेत. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिलिमीटरचा. ‘मिड टॉवर’, ‘मिनी टॉवर’ ही नावे मात्र मानके नाहीत. प्रत्येक कंपनी ती आपापल्या सोयीने वापरते. त्यामुळे खोक्यावरच्या नावापेक्षा माहितीपत्रकातली ‘कोणते बोर्ड बसतात’ ही ओळ वाचावी.

लहान बोर्डाला लहानच कॅबिनेट लागते, हा समज चुकीचा आहे. एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो-एटीएक्स बोर्ड सहसा बसतो, कारण त्याची बरीचशी भोके एटीएक्सच्याच जागी असतात. काळजी घ्यावी लागते ती बोर्डाखालच्या छोट्या पितळी स्टँडऑफची. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बोर्ड आधी नुसता वर धरून भोके जुळवून पाहावीत आणि जास्तीचे स्टँडऑफ काढून टाकावेत.

‘डेस्कटॉप म्हणजे डेस्कटॉप, भाग कुठेही बसतात’ हा समज सर्वांत महागात पडतो. सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकाबाबत तो बराचसा खरा आहे. पण डेल, एचपी यांच्या कार्यालयीन मालिकांतल्या अनेक तयार यंत्रांत बोर्डाचा आकार आणि भोकांची जागा कंपनीची स्वतःची असते. वीजजोडणीही नेहमीच्या २४ पिनांची नसते, आणि समोरच्या बटणाची जोडणी वेगळी असते. अशा यंत्रासाठी बाजारातले कॅबिनेट घेऊन त्यात सगळे बसवण्याचा खटाटोप करू नये, हेच बरे. झाकण उघडून मुख्य वीजजोडणीच्या पिना मोजल्या की अंदाज येतो: २४ नसतील, तर थांबावे.

एसएमपीएसच्या बाबतीत वॅट पाहिले जातात, माप पाहिले जात नाही. एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली असली, तरी खोली साधारण १४० पासून १८० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त असते. हार्ड डिस्कचा पिंजरा शेजारी असेल, तर एवढा फरकही अडतो. मिनी-आयटीएक्सच्या अनेक छोट्या कॅबिनेटांना एसएफएक्स प्रकारचा लहान एसएमपीएस लागतो, तेव्हा जुना उपयोगी पडत नाही.

ग्राफिक्स कार्डाबाबत लांबीच तेवढी मोजली जाते. कार्डाची जाडी आणि कडेला लागणाऱ्या वीजकेबलची जागाही मोजावी लागते, कारण केबल जोरात वाकवणे धोक्याचे आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायचा असेल, तर नेहमीचा रेडिएटर आणि पंखा मिळून सुमारे ५२ मिलिमीटर जागा जाते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेल्या कार्डाच्या कमाल लांबीतून ती वजा करावी. कूलरची उंची प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून धरतात. उभे टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटरचे असतात, आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यांच्यावर बंद होत नाही.

मोठे कॅबिनेट आपोआप थंड राहते, असेही नाही. हवा आत यायला वाट नसेल, तर प्रशस्त डबाही तापतो. समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा समोर जाळी असलेले कॅबिनेट बरे; दोन पंखे पुढून आत आणि एक मागून बाहेर, ही रचना बहुतेक घरगुती यंत्रांना पुरते. आपल्याकडच्या धुळीत काढून धुता येणारी गाळणी हवीच.

समोरच्या यूएसबीच्या जोडण्याही तपासाव्यात. यूएसबी ३ ची केबल रुंद असते. जुन्या बोर्डावर ९ पिनांची यूएसबी २ ची जागाच असेल, तर अडॅप्टर मिळतो, पण वेग यूएसबी २ चाच राहतो. समोरच्या टाइप-सी साठी बोर्डावर वेगळी जोडणी लागते. पॉवर बटणाच्या दोन तारा उलटसुलट लावल्या तरी चालतात. दिव्यांच्या तारा उलट लावल्या तर दिवा लागत नाही.

कॅबिनेट बदलले की विंडोज नव्याने टाकावी लागते, ही भीती निराधार आहे. बोर्ड आणि डिस्क त्याच असतील, तर विंडोज आणि फायली जशाच्या तशा राहतात. तरीही भाग सोडवण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि वीजकेबल भिंतीतून काढून मगच पहिला स्क्रू सैल करावा.