कुंकू काळं का दिसतं?

जुने फोटो घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पणजीचा नाहीतर आजेसासूचा फोटो टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "ताई, हिचं कुंकू असं काळं का आलंय? डाग पडलाय का?" डाग नसतो. कुंकू लालच होतं, चांगलं ठसठशीत. पण त्या काळच्या काचेच्या प्लेटला आणि नंतरच्या बऱ्याच फिल्मनाही लाल रंग दिसतच नव्हता. निळा प्रकाश त्यांना चटकन जाणवे, हिरवा थोडाफार, लाल जवळपास नाहीच. जे फिल्मला दिसलं नाही ते प्रिंटवर काळं उमटलं. म्हणून त्या फोटोंत कुंकू काळं आणि निळंभोर आकाश मात्र पांढरंफटक.

सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली, तरी जुनी ऑर्थो फिल्म अनेक स्टुडिओंत पुढे बरीच वर्षं चालली. कारण अगदी व्यवहाराचं होतं. ऑर्थोला लाल दिसत नाही, म्हणून ती लाल दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी बघत बघत धुता येई. पॅनक्रोमॅटिक धुवायची तर मिट्ट काळोख हवा.

हे सगळं मला बाबांनी सांगितलं. मिरजेला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी त्याच्या डार्करूममध्येच वाढले. आता पुण्यात जुन्या फोटोंची दुरुस्ती करते, प्रिंट काढते, नव्या मुलांना डार्करूमचं काम शिकवते. मला विचारतात, फोनमध्ये लाखो रंग फुकट मिळत असताना ब्लॅक अँड व्हाईटचं वेड टिकलंय कसं? बहुतेकजण उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, जुन्या दिवसांची ओढ. मला हे पटत नाही. माझ्या वर्गातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना कसल्या जुन्या दिवसांची ओढ असणार? त्यांचा पहिला फोटोच डिजिटल आणि रंगीत होता.

मला वाटतं, कारण त्या कुंकवातच आहे. रंगीत फोटोत लाल लाल येतो, हिरवा हिरवा येतो, तिथं फारसं ठरवायचं नसतं. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये प्रत्येक रंगाला एक करडा द्यावा लागतो, आणि तो कुठला द्यायचा हे माणूस ठरवतो. ऑर्थोच्या काळात ते फिल्म ठरवायची. नंतर ते फोटोग्राफरच्या हातात आलं. चांगला कृष्णधवल फोटो पाहताना आपण कुणीतरी विचार करून केलेली निवड पाहत असतो, आणि डोळ्याला ती जाणवते, नाव देता आलं नाही तरी.

मुलांना मी पहिल्याच आठवड्यात मंडईत पाठवते. एका टोपलीत लाल मिरच्या, शेजारी हिरव्या, असा फोटो काढून आणायचा. रंगीत फोटो झकास येतो. मग त्यातला रंग सरसकट काढून टाकायचा. दोन्ही टोपल्या जवळजवळ एकाच करड्यात बुडतात, मिरची मिरचीपासून वेगळी होत नाही. मुलं गोंधळतात. मग तोच फोटो लाल फिल्टर लावून पाहायचा. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. त्यामुळे लाल मिरच्या पांढुरक्या होतात आणि हिरव्या काळ्या पडतात. हिरवा फिल्टर लावला की बरोबर उलट. टोपल्या त्याच, ऊन तेच, तरी दोन वेगळे फोटो. फोनच्या अॅपमध्येही हे करता येतं. तयार 'मोनो' बटण दाबून थांबू नका, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाचे वेगवेगळे स्लायडर असतात, ते हलवून बघा.

बाबा बाहेर फोटो काढायला निघाले की लेन्सवर पिवळी काच चढवायचे. पिवळा फिल्टर आकाशातला निळा थोडा अडवतो, आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. नारिंगीने आणखी गडद, लाल फिल्टरने तर भर दुपारी वादळ आल्यासारखं वाटतं. जूनमध्ये दंडोबाच्या डोंगरावर चढलेले ढग बाबांनी पिवळ्या काचेतून टिपले होते. त्यांना लाल फिल्टर आवडत नसे. जेवढे ढग होते तेवढेच दिसू देत, म्हणायचे. मी स्वतः नारिंगी वापरते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर मला फार आनंद झाला होता. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी साधारण साठ लाख असतात आणि मंद उजेडात काम करणाऱ्या, पण रंग न ओळखणाऱ्या पेशी सुमारे बारा कोटी. दिवेलागणीला उजेड कमी झाला की रंगवाल्या पेशी मागे पडतात आणि दुसऱ्या पुढे येतात. या दुसऱ्या पेशींना लाल जवळपास दिसत नाही. म्हणून संध्याकाळी अंगणातली लाल जास्वंद आधी काळी पडते आणि निळी गोकर्ण त्या मानाने उजळ राहते. ऑर्थो फिल्मवर जे घडत होतं तेच. म्हणजे कृष्णधवल जग कॅमेऱ्याने आणलेलं नाही, रोज तिन्हीसांजेला ते आपल्या डोळ्यांसमोर असतंच.

आता डार्करूमबद्दल, कारण मोह तिथलाच जास्त आहे. फिल्मवर आणि ब्रोमाइड कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांत एक न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर त्या कणांची धातूची चांदी करतो, आणि इतक्या बारीक कणांची चांदी चमकत नाही, काळी दिसते. फोटोतला काळा म्हणजे ही चांदी. उरलेले क्षार हायपो नावाचं रसायन विरघळवून टाकतं, नाहीतर फोटो उजेडात काळवंडत गेला असता. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1819 मध्येच शोधला होता, छायाचित्रण जगापुढे येण्याच्या वीस वर्षं आधी.

बाबा डेव्हलपर घरीच करायचे. छोट्या तराजूत मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, सोडा, ब्रोमाइड असं तोलून. आधी मेटॉल आणि मग सल्फाइट, क्रम उलटा झाला तर मेटॉल नीट विरघळत नाही. मिरजेच्या उन्हाळ्यात द्रावण वीस अंशांवर ठेवणं कठीण, मग मोठ्या परातीत बर्फ आणि बर्फात ट्रे. उष्णतेने जिलेटिन मऊ पडून सुटायची भीती. कागद बऱ्याचदा 'इंदू' असे, उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनीचा.

एनलार्जरखाली प्रकाश दिलेला कागद डेव्हलपरमध्ये टाकला की पहिले काही सेकंद काहीच होत नाही. मग गडद भाग उमटू लागतात. केस, मिशा, काळी टोपी, कोटाची कॉलर. चेहरा सावकाश येतो, कानाकडून गालाकडे. सगळ्यात शेवटी पांढरा सदरा भरतो आणि त्याच्या चुण्या दिसायला लागतात. दीड-दोन मिनिटांचं हे काम. सदऱ्यात चुण्या आल्या नाहीत तर तो प्रिंट बाबा बाद करायचे. पांढरा नुसता पांढरा दिसून चालत नाही, त्याचं कापड दिसलं पाहिजे. मग दुसरा कागद घ्यायचा, प्रकाश देताना दोन्ही हातांची ओंजळ करून बाकीचा फोटो झाकायचा आणि फटीतून फक्त सदऱ्यावर थोडा जास्त प्रकाश सोडायचा. चेहरा काळा येत असेल तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलती ठेवायची. त्यामुळे एकाच निगेटिव्हचे दोन प्रिंट कधी तंतोतंत सारखे होत नाहीत.

या करड्याच्या निवडीत एक दुखरी बाजूही आहे. आपली तांबूस-तपकिरी त्वचा ऑर्थो फिल्मवर होती त्याहून काळी यायची. मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रीटच करायचं, आणि "मुलगी जरा उजळ करून द्या" ही मागणी त्यातूनच सोयीची झाली. लग्न जमवायच्या फोटोंत तर हमखास. गालावरची छाया, डोळ्यांखालची रेघ, सगळं पुसलं जाई. सावळ्या चेहऱ्यावर जितके करडे असतात तितके कुठल्याच चेहऱ्यावर नसतात, आणि नेमके तेच आपण पिढ्यान्‌पिढ्या पुसत आलो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला चेहरा मी कधीही उजळ करत नाही. काहीजण नाराज होऊन जातात.

म्हणूनच सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो मला इतके मोलाचे वाटतात. कचऱ्यात, गटारात उतरून काम करणारी ही माणसं. ओलवे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते हे काम करत होते. रंगीत असते तर नजर आधी घाणीच्या रंगाकडे गेली असती आणि तिथूनच मागे फिरली असती, असं मला वाटतं. कृष्णधवलात चिखल आणि माणसाची ओली कातडी एकाच चांदीत येतात, पण प्रकाश पडतो तो खांद्यावर, कपाळावर, डोळ्यांत. आपण माणसाकडे बघतो.

होमाई व्यारावाला यांच्या फोटोंपाशीही मी अशीच थांबते. 1913 ला नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 15 ऑगस्ट 1947 चा दिल्लीतला सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू, हे सगळं त्यांनी काळ्या-पांढऱ्यात टिपलं. अशा फोटोत तिरंग्याचे वरचे आणि खालचे पट्टे दोन्ही करडे असतात. तरी केशरी आणि हिरवा आपल्याला दिसतो, कारण तो आपण भरतो. पाहणाऱ्याकडून एवढं काम करून घेणारा फोटो सहजी विसरला जात नाही.

टिकण्याचा दुसरा अर्थ अगदी शब्दशः आहे. ऐंशीच्या दशकातले लग्नाचे रंगीत अल्बम आज उघडले की सगळं वऱ्हाड तांबडं झालेलं असतं. रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरत नाही, रंगद्रव्यं असतात, आणि त्या काळच्या कागदांतला निळसर थर अंधाऱ्या कपाटातसुद्धा विटत जाई. माझ्याच लग्नाचा अल्बम असा झालाय, आणि त्याच कपाटातला आईबाबांचा कृष्णधवल फोटो जसाच्या तसा. नीट हायपो केलेला आणि नीट धुतलेला प्रिंट शंभर वर्षं सहज काढतो. धुण्यात घाई झाली तर मात्र पिवळा पडतो. जुना फोटो उजेडात तिरका धरून पाहा, काळ्या भागांवर निळसर, आरशासारखी झळाळी दिसेल. ती पृष्ठभागावर आलेली चांदी.

डिजिटलमध्येही ही ओढ पोचली आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळतच नाही, तो फक्त प्रकाश मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची चौकट बसवून रंग मिळवतात. लायका कंपनीने 2012 मध्ये ही चौकटच काढून टाकून फक्त कृष्णधवल फोटो काढणारा 'एम मोनोक्रोम' आणला. फिल्टर अडवत नसल्याने प्रकाश जास्त मिळतो, बारकावे जास्त येतात. किंमत आपल्या आवाक्याबाहेरची, पण विचार मला पूर्ण पटतो.

तुमच्या घरी जुने फोटो असतील तर थोडं ऐका. पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो. चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट आणा, काचेतूनच त्याची कॉपी काढता येते. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा. लॅमिनेशन करू नका. पाठीमागे नाव, गाव, साल लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि निगेटिव्ह टाकू नका, कागदी पाकिटात सुक्या जागी ठेवा. प्रिंटमध्ये पांढरा पडलेला सदरा पुष्कळदा निगेटिव्हमध्ये चुण्यांसकट शाबूत असतो.