एकेक मडके वाजवून

माझ्या धाकट्या नणंदेचे सासर तेरचे. "वहिनी, एकदा तरी गोरोबाकाकांच्या दर्शनाला या," हे त्यांचे वर्षानुवर्षांचे बोलावणे, आणि पुण्यातली कामे आवरत नाहीत हे माझे वर्षानुवर्षांचे उत्तर. मागल्या वर्षी श्रावणात मात्र मी निघालेच. घरी राहायला तसे सबळ कारण होते. माझ्या लेकीचा पाचवा महिना संपत आला होता. पण ती राहते पुण्यातच, जावई समजूतदार, दवाखाना हाकेच्या अंतरावर. चार दिवस मी नसले म्हणून काय बिघडणार होते?

निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्याकडे डोकावले, तर बाईसाहेब पाटीवरची पेन्सिल चघळत बसल्या होत्या. मला हसू आले. डोहाळे म्हणायचे, दुसरे काय! तिच्या वेळी मीही ओल्या मातीच्या वासाने वेडी झाले होते. जाता जाता कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिलींची आणखी एक पेटी आणून मी तिच्या उशाशी ठेवली. ही पेटी पुढे माझ्या मनाला किती टोचणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

तेरणा नदीच्या काठचे तेर हे आज धाराशिव जिल्ह्यातले एक साधेसुधे गाव. पण एके काळी त्याचे 'तगर' हे नाव सातासमुद्रापार ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते आले आहे. इथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे. नणंदेचे यजमान निवृत्त शिक्षक. आम्ही सारे त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांनी मला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय हौसेने दाखवले. लामतुऱ्यांनी जमवलेली भाजक्या मातीची चित्रे, मणी, भांडी पाहताना दुपार कशी सरली ते कळले नाही.

"मातीचं गाव आहे हे, वहिनी," मास्तर म्हणाले. "म्हणून तर गोरोबाकाका इथलेच!" आणि मग त्यांनी ती सर्वांना ठाऊक असलेली आख्यायिका पुन्हा रंगवून सांगितली. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, यातले पक्के मडके कोणते, कच्चे कोणते? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवीत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले!

दुसऱ्या दिवशी ९ तारीख होती. शेजारची सून सहाव्या महिन्यात, सासू शेतावर खुरपणीला गेलेली. "वहिनी, तेवढं तिच्यासंगं सरकारी दवाखान्यात जाता का?" नणंदेने विचारले. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून देशभर तशी योजना आहे. मी आनंदाने गेले. खरे सांगायचे तर, शहरातल्या बाईला खेड्यातल्या बाईला चार गोष्टी सांगायची हौस असते, तीही मनात होतीच.

दवाखान्यात बायांची रांग. आशाताई नावे लिहून घेत होत्या. आमची पाळी आली तेव्हा सिस्टरने वजन, रक्तदाब पाहिला आणि अगदी सहज विचारले, "माती-बिती खातीस का गं?"

पोर लाजली. "थोडी थोडी... चुलीची भाजकी."

"आणि चक्कर?"

"येती कधी कधी. कामानं येत असंल."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला, पट्टी तळहाताएवढ्या यंत्रात सरकवली. माझ्या वेळी हे काम केवढे असे! रक्त बारीक काचनळीत सौम्य आम्लाशी मिसळायचे, दहा मिनिटे थांबायचे, आणि तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालीत बसायचे. इथे मिनिटभरात आकडा उमटला : ८.२.

"पण ही तर चांगली तरतरीत दिसते हो!" मी म्हणाले.

"डोळ्याला दिसेपर्यंत फार उशीर होतो, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात हिचं साडेदहा होतं. तेव्हाही कमीच, पण आता बघा. म्हणून आम्ही दर खेपेला बघतो. एकदा बघून भागत नाही."

आणि मग रांग थांबवून त्यांनी मला जे सांगितले, ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ, आणि तो बनतो लोहापासून. गरोदर बाईचे ते ११ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया; ७ च्या खाली गेले की तो तीव्र. दिवस जसे भरत जातात तसे अंगातल्या रक्ताचे पाणी जवळजवळ दीडपट होते, पण तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत. त्यात बाळ आपला वाटा मागत असते. संपूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे एक ग्रॅम लोह जास्तीचे लागते. ऐकायला गुंजभर, पण रोजच्या भाजी-भाकरीतून तेवढे अंगी लागणे कठीण! सुरुवातीला भरलेली घागर सहाव्या महिन्यात अर्ध्यावर येते ती अशी. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव तर व्हायचाच. सुदृढ बाई तो सोसते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिच्या जिवावर बेतते. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याची भीती असते ती वेगळीच.

"आणि मातीचं काय?" मी विचारले.

"माती, खडू, बर्फ, पाटीची पेन्सिल खावीशी वाटली की रक्त तपासून घ्यावं. पुष्कळदा अंगात लोह कमी असतं. नुसते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नये."

वाचकहो, मी त्या बाकावर बसल्या जागी गार झाले.

रात्री लेकीला फोन लावला. "अगं आई, दुसऱ्या महिन्यातच झालंय सगळं तपासून. अकरा पॉइंट चार होतं."

"आणि नंतर?"

मधली खेप ऑफिसच्या गडबडीत चुकली होती. "आणि गोळ्या?" त्याही पंधरा दिवसांत सुटल्या होत्या. मळमळत होते, शौचाला काळे होत होते, म्हणून घाबरून बंद केल्या. कुणाला विचारले नाही. आणि मी, तिची आई, शेजारी राहून पेन्सिली पुरवीत होते!

दुसऱ्या दिवशी तिने रक्त तपासले. आकडा आला ८.६. तेरच्या चुलीपुढल्या पोरीत आणि पुण्याच्या माझ्या शिकलेल्या लेकीत फरक तो काय, तर चार दशांशाचा. पुढे मी वाचले, की २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायांपैकी बावन्न जणींना पंडुरोग आढळला. ही खेड्यापाड्यांची गोष्ट असे वाटत असेल, तर शहरांतला आकडाही शंभरांत पंचेचाळिसांवर आहे.

याच वाचनात आपल्या मुंबईची एक गोष्ट सापडली. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना जीवघेणा पंडुरोग का होतो, याचा त्यांना छडा लावायचा होता. या बायांच्या ताटात काय पडते ते त्यांनी पाहिले, परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, आणि शेवटी 'मार्माइट' हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला. बायांचे रक्त भरून येऊ लागले! १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. लॅटिन भाषेत पान म्हणजे 'फोलियम', म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाच्या जोडीला हेच ५०० मायक्रोग्रॅम असते. मुंबईच्या गिरणगावातल्या त्या बायांचे ऋण प्रत्येक गरोदर बाई नकळत गिळत असते म्हणा ना!

आपल्या देशात अशा गोळ्या वाटण्याची राष्ट्रीय योजना १९७० पासून आहे. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा नेम आहे. ज्यांचे रक्त कमी भरते त्यांची मात्रा डॉक्टर वाढवतात. फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात, प्रसंगी रक्तही. मात्रा आपल्या मनाने मात्र वाढवू नये. महिनाभर नेमाने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर जंत किंवा रक्ताचा एखादा आनुवंशिक दोष नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून पुन्हा तपासणी!

आमच्या घरी मग काय झाले? गोळी सकाळऐवजी रात्री झोपताना सुरू झाली आणि मळमळ थांबली. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. जेवणावरचा चहा बंद, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा त्याला मदत करतात. काळ्या शौचाला भ्यायचे नसते, हेही कळले. पेन्सिलींची पेटी मीच उचलून आणली. महिन्याने आकडा ९.७ झाला, आणि दिवस भरता भरता अकराला टेकला. मार्गशीर्षात नात झाली. तेरची पोरही दवाखान्यातच सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाल्याचा पेढा नणंदेने टपालाने धाडला.

काल मी कुंभाराकडे पणत्या आणायला गेले होते. दोन डझन पणत्या, पण एकेक बोटाने वाजवून, उजेडात धरून घेतली. तडा गेलेली घरी येऊ नये म्हणून केवढी खबरदारी! शेजारी उभी असलेली एक तरुण मुलगी मधूनच हळूच खापरीचा तुकडा नाकाशी नेत होती. अंगावर दिवसांचे तेज दिसत होते. अनोळखी बाईने विचारू नये, हे मला कळते. तरी मी विचारलेच, "बाळ, तुझं हिमोग्लोबिन किती आहे गं? आणि ते तपासलं कधी होतंस?"

तुमच्या घरी दिवाळीला माहेरवाशीण आली असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवताना तिलाही हे एवढे विचारा.