वाचनालयात रॅम्प झाला; पण स्वमग्न वाचकांचे काय?

पिंपरी : वाचनालयात एखादा स्वमग्न मुलगा पुस्तक चाळताना गुणगुणतो, मागे-पुढे डुलतो. आजूबाजूचे वळून पाहतात, कर्मचारी ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवतात आणि पालक त्याला बाहेर नेतात. असा प्रसंग एकदा घडला, की ते कुटुंब पुन्हा येईलच असे नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये वाचनालयांसोबतच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थीही बसतात. मग दोघांचीही सोय कशी करायची?

नेमकी अडचण काय?
स्वमग्नता (ऑटिझम) हा आजार नाही. ते मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे. अनेकांना आवाज, प्रकाश आणि स्पर्श तीव्रतेने जाणवतात. ट्यूबलाइटची गुणगुण किंवा खुर्ची सरकवल्याचा आवाजही असह्य होऊ शकतो. डुलणे, गुणगुणणे हा खोडकरपणा नसून बऱ्याचदा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे सार्वजनिक सेवा सुगम्य असणे हा या वाचकांचाही हक्क आहे. सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

वाचनालये काय करू शकतात?
अमेरिकेतील न्यू जर्सीत दोन वाचनालयांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर होता. इथेही मोठ्या खर्चाशिवाय सुरुवात करता येईल :

• प्रवेशद्वार, काउंटर, कपाटे, स्वच्छतागृह यांचे फोटो आधीच उपलब्ध करावेत. काय दिसणार हे ठाऊक असले की धास्ती कमी होते.
• लुकलुकणाऱ्या ट्यूब बदलाव्यात, अभ्यासिकेपासून दूर एक कोपरा राखावा.
• एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तरासाठी थांबावे. चित्र किंवा लिखित पर्याय दाखवावेत.
• आठवड्यातून एक तास ठरवावा, त्या वेळी गुणगुणण्यावर हटकू नये. भोसरी, चाकणच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. तो दिवस कामगार पालकांना सोयीचा ठरेल.

दाद कुठे मागायची?
 वाचनालय महापालिकेचे असेल, तर लेखी तक्रार महापालिकेकडे करता येते. तिथे दखल न घेतल्यास जिल्हास्तरीय समितीकडे आणि पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.