दंततज्ज्ञांच्या शिक्षणाची पारख

दंतवैद्यकात बी.डी.एस. ही पहिली पदवी आणि एम.डी.एस. ही तज्ज्ञाची. बी.डी.एस. झालेला डॉक्टर दात काढणे, भरणे, कवळी बसवणे ही नेहमीची कामे करू शकतो. एखाद्या शाखेत पारंगत व्हायचे असेल, तर त्याला दंत महाविद्यालयात आणखी 3 वर्षे पूर्णवेळ शिकावे लागते. भारतात एम.डी.एस.च्या 9 शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणारी ऑर्थोडॉन्टिक्स, रूट कॅनाल आणि दात वाचवण्याची शाखा, हिरड्यांच्या आजारांची शाखा, कवळी-कॅप-ब्रिजची प्रोस्थोडॉन्टिक्स, मुलांच्या दातांची शाखा, जबडा व चेहऱ्याची शस्त्रक्रिया, मुखरोगनिदान व क्ष-किरण, मुखविकृतिशास्त्र आणि सार्वजनिक दंत आरोग्य अशा त्या आहेत. ही 3 वर्षे विद्यार्थ्याला खरोखर तज्ज्ञ करतात की केवळ पदवी देतात, हे तपासण्याची एक मोठी यंत्रणा आहे. रुग्णाला ती दिसत नाही, पण त्याच्या दातांचे भवितव्य बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते.

पनवेल तालुक्यातील उलवे हा सिडकोने वसवलेला नोड या यंत्रणेच्या अगदी शेजारी आहे. बामणडोंगरी आणि खारकोपर ही तिथली स्थानके. तेथून नेरुळ आणि बेलापूर अशा दोन्ही बाजूंना लोकल जाते. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी. आणि कामोठ्याला एम.जी.एम. अशी दंत महाविद्यालये या भागात आहेत. नव्या इमारतींच्या तळमजल्यावर दवाखाने वाढत आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर नावापुढे एम.डी.एस. लिहिलेले दिसते. खासगी दवाखान्यातला खर्च न परवडणारी कुटुंबे महाविद्यालयाच्या ओपीडीत जातात. तिथे त्यांच्यावर उपचार करणारा हात अनेकदा पदव्युत्तर विद्यार्थ्याचा असतो. म्हणजे शिक्षणाचा दर्जा इथल्या रुग्णाला दोनदा भेटतो: एकदा विद्यार्थी शिकत असताना आणि पुन्हा तोच विद्यार्थी पाटी लावून बसल्यावर.

या तपासणीचा पाया दंतवैद्य कायदा, 1948 हा आहे. त्यानुसार 1949 मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात सुरू केले होते. त्यानंतर जवळपास तीन दशके शिक्षणाला देशभर एकच मोजमाप नव्हते. परिषदेने ते ठरवून दिले. पुढे 1993 मधल्या दुरुस्तीने कायद्यात कलम 10-अ आले आणि नवे महाविद्यालय काढायला, नवा उच्च अभ्यासक्रम सुरू करायला किंवा जागा वाढवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली.

परवानगी आणि मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. महाविद्यालयाला एखाद्या शाखेत एम.डी.एस. सुरू करायचे असेल, तर आधी राज्य सरकारचे आवश्यकता प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची संमती लागते. मग तपासणी होऊन त्या शाखेत ठरावीक जागांवर प्रवेश देण्याची परवानगी मिळते. पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेला बसेपर्यंत ही परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. पहिल्या तुकडीची परीक्षा चालू असताना पुन्हा तपासणी होते. परीक्षा कशी घेतली जाते, विद्यार्थी काय करून दाखवतात, हे त्या वेळी पाहिले जाते. त्यानंतरच पदवीला कायद्याच्या अनुसूचीत जागा मिळते. हे सारे शाखेनुसार घडते. एकाच महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सची पदवी मान्यताप्राप्त असेल आणि दुसऱ्या शाखेची अजून परवानगीच्या टप्प्यावर असेल, असे होऊ शकते. ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावर म्हणूनच भागत नाही. विचारायचे ते विभागाबद्दल.

विद्यापीठाची तपासणी याशिवाय असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना 1998 मध्ये नाशिकला झाली आणि राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. तेरणा आणि वाय. एम. टी. ही त्यांतलीच. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती महाविद्यालयात येऊन शिक्षक, जागा, उपकरणे आणि ग्रंथालय पाहते. डी. वाय. पाटील आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठे असल्याने परीक्षा व पदवी त्यांची स्वतःची असते. अभ्यासक्रमाचे केंद्रीय नियम मात्र त्यांनाही लागू आहेत आणि प्रवेशासाठी नीट-एमडीएस सर्वांना सक्तीची आहे.

तपासणीत नेमके काय पाहिले जाते? पहिली गोष्ट शिक्षक. प्रत्येक विभागात प्राध्यापक, प्रपाठक आणि व्याख्याते किती असावेत आणि किती विद्यार्थ्यांमागे किती मार्गदर्शक असावेत, हे ठरलेले असते. दुसरी गोष्ट रुग्ण. रुग्णांशिवाय दंतवैद्यक शिकवताच येत नाही. म्हणून ओपीडीचे रजिस्टर, केस पेपर, क्ष-किरण, दातांचे प्लास्टरचे साचे आणि प्रयोगशाळेच्या नोंदी पाहतात. रजिस्टरमध्ये दिवसभरात दाढ काढल्याच्या नोंदी भरपूर असतील, तर तितक्या भुलीच्या औषधाचा आणि निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा हिशेब लागला पाहिजे. जाणकार तपासनीस अशा दोन वह्या शेजारी ठेवूनच वाचतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागाला शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि खाटा असलेल्या रुग्णालयाची जोड लागते. अपघातात जबडा मोडलेला रुग्ण दाताच्या खुर्चीवर बरा होत नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः केलेले काम. परिषदेच्या 2017 च्या नियमावलीत प्रत्येक शाखेसाठी ते नेमून दिले आहे. ऑर्थोडॉन्टिक्सच्या विद्यार्थ्याने 3 वर्षांत किमान 50 रुग्ण स्वतः सुरू करावेत, शिवाय वरिष्ठांकडून आलेले किमान 20 रुग्ण पुढे न्यावेत, अशी अपेक्षा आहे. दात सरळ व्हायला दीड-दोन वर्षे सहज लागतात, त्यामुळे एकच विद्यार्थी रुग्णाला पहिल्या तारेपासून शेवटपर्यंत क्वचितच पाहतो. सुरू केलेले आणि चालवायला घेतलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मागण्यामागे हेच कारण आहे. प्रत्येक कामाची नोंद लॉगबुकात होते आणि गाईड त्यावर सही करतो. सोबत चर्चासत्रे, जर्नल क्लब आणि शोधप्रबंध असतो. दरवर्षी किमान 80 टक्के हजेरी लागते.

शेवटची चाळणी परीक्षेची. पहिल्या वर्षाअखेर मूलभूत विज्ञानांचा पेपर असतो आणि तिसऱ्या वर्षाअखेर मुख्य परीक्षा. लेखी पेपरांशिवाय प्रात्यक्षिकाला 200 गुण आणि तोंडी परीक्षेला 100 गुण असतात. त्या 100 पैकी 20 गुण शिकवण्याच्या कौशल्याला, कारण आजचा एम.डी.एस. उद्याचा शिक्षक असतो. ऑर्थोडॉन्टिक्सच्या प्रात्यक्षिकात उमेदवार पक्कडीने तार वाकवतो, डोक्याच्या क्ष-किरण चित्रावर पारदर्शक कागद ठेवून हाडांचे बिंदू आखतो, कोन मोजतो आणि स्वतः उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदी परीक्षकांसमोर मांडतो. शस्त्रक्रियेच्या शाखेत त्याला परीक्षकांच्या देखत एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. चारपैकी दोन परीक्षक दुसऱ्या विद्यापीठाचे असतात आणि त्यांतला एक परराज्यातला. आपल्याच विद्यार्थ्याला आपणच उत्तीर्ण करण्याचा मोह या नियमाने आवरला जातो.

परिषदेची मान्यता किमान अट सांगते. त्याहून वर कोण किती, हे मूल्यांकन सांगते. बंगळूरुची नॅक ही संस्था 1994 पासून हे काम करते. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, कारभार आणि संस्थेची मूल्ये अशा 7 निकषांवर संस्थेला 4 पैकी गुण मिळत आले आहेत. 3.51 पासून ए++, 3.26 पासून ए+ आणि 3.01 पासून ए, अशी तिची श्रेणींची पद्धत सर्वांच्या ओळखीची झाली आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2020 पासून दंत महाविद्यालयांचा वेगळा गट आहे. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्या संपूर्ण संस्थेबद्दल बोलतात. विद्यापीठाची ए++ श्रेणी त्याच्या मुलांच्या दातांच्या विभागात पुरेसे रुग्ण येतात की नाही, हे सांगत नाही.

हा फरक अमेरिकेत अधिक काटेकोरपणे पाळला जातो. तिथे 1926 मध्ये विल्यम गीज यांच्या अहवालाने दंतशिक्षण विद्यापीठाच्या शिस्तीत आणण्याचा आग्रह धरला. 1975 मध्ये स्थापन झालेला दंत अधिस्वीकृती आयोग, म्हणजे कोडा, आज प्रत्येक तज्ज्ञ अभ्यासक्रमाची स्वतंत्र पाहणी करतो: साधारण 7 वर्षांनी एकदा, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी 5 वर्षांनी. आधी विभाग स्वतःचा आत्मपरीक्षण अहवाल लिहितो, मग त्याच शाखेतले बाहेरचे तज्ज्ञ येऊन तो पडताळतात आणि विद्यार्थ्यांशी बोलतात. उणिवा आढळल्या तर त्या दूर केल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो.

आपल्याकडच्या पद्धतीवर मुख्य आक्षेप असा, की तपासणी एका दिवसाची असते आणि शिक्षण 3 वर्षांचे. केवळ त्या दिवसापुरते उभे केलेले शिक्षक आणि त्या दिवसापुरते गोळा केलेले रुग्ण हा वैद्यकीय शिक्षणातला जुना रोग आहे. त्यावर उपाय म्हणून बायोमेट्रिक हजेरी आली. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात याहून मोठ्या बदलाची तरतूद आहे. त्यानुसार दंत परिषदेच्या जागी आयोग आणि त्याखाली 3 स्वायत्त मंडळे येतात: एक शिक्षणाचे, दुसरे मूल्यांकन व मानांकनाचे, तिसरे नीतिमत्ता व नोंदणीचे. अभ्यासक्रम ठरवणारे आणि तो तपासणारे वेगळे असावेत, हे या रचनेमागचे तत्त्व आहे. नियम मोडणाऱ्या संस्थेची मान्यता थेट काढण्याआधी इशारा, दंड, जागा कमी करणे आणि प्रवेश थांबवणे असे टप्पेही त्यात आहेत. हे टप्पे महत्त्वाचे आहेत, कारण मान्यता एकदम काढली तर शिक्षा निर्दोष विद्यार्थ्यांना होते, आणि काहीच केले नाही तर रुग्णांना.

रुग्णाच्या हाती यातले काय येते? दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि एम.डी.एस. ही त्या नोंदणीत जोडली जाणारी पदवी आहे. ती कोणत्या शाखेची आहे, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. मुलाच्या दातांना तारा लावायच्या असतील तर ऑर्थोडॉन्टिक्स, तंबाखूमुळे तोंड उघडेनासे झाले असेल तर मुखरोगनिदान किंवा जबड्याची शस्त्रक्रिया, हा फरक मोठा आहे. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या शाखेची मान्यता, विभागातले पूर्णवेळ शिक्षक आणि ओपीडीतली गर्दी स्वतः जाऊन पाहावी. महाविद्यालयाच्या ओपीडीत उपचार घेणाऱ्याने ‘तुमचे सर कोण?’ असे विचारायला संकोच करू नये. विद्यार्थ्याच्या हातामागे जबाबदार शिक्षक उभा आहे, याची खात्री करून घेणे हाच सगळ्या मान्यतांचा आणि श्रेणींचा मूळ हेतू आहे, आणि त्यात रुग्णाचा प्रश्नही तपासनीसाच्या भेटीइतकाच मोलाचा आहे.