टोचन

गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात आंब्याखाली काळी पद्मिनी अकरा वर्षं उभी होती. टायर बसलेले, छतावर पाल्याचा थर, नंबर एमएच 15. काका गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. पुतण्याने ती सातपूरच्या गॅरेजात न्यायचं काढलं, तेव्हा शेजारी म्हणाले, "बोलेरोला दोर बांधा, अर्ध्या तासात टोचन करू."

गाडी न्यायला आलेल्या क्रेनवाल्याने ते ऐकून घेतलं आणि काकूंना म्हणाला, "दोरानं न्यायला ही काय म्हैस आहे का, काकू?"

ओढायला काहीच लागत नाही, भीती थांबायची असते. पुढच्याने ब्रेक मारला की मागच्यालाही मारावा लागतो, आणि इथे पेडल थेट तळाला जात होतं. 1989 च्या रस्ता-नियमांतही वेगाला ताशी 24 किलोमीटरची मर्यादा होती, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागे 'ऑन टो'ची पाटी हवी. अशी पाटी नाशकात मी तरी पाहिलेली नाही.

मग पुढची चाकं उचलून न्यावी? तेही नको. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. ती चाकं रस्त्यावर फिरली की जॉइंट शाफ्ट गिअरबॉक्सचं शेपूट फिरवतो, पण इंजिन बंद असल्यामुळे तेल उडवणारे आतले गिअर जागेवरच राहतात. न्यूट्रलमध्येही बेअरिंग कोरडं चालतं. म्हणून एकतर शाफ्ट खोलायचा, नाहीतर चारही चाकं वर घ्यायची. त्याने फ्लॅटबेड आणला होता.

सगळा वेळ गेला चाकं मोकळी करण्यात. हवा भरली, दोन टायरांनी ती धरली. एकेक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं. हँडब्रेकची तार गंजून गच्च झाली होती, ती खालून सैल केली. ड्रमवर हातोडीच्या हलक्या टपल्या मारल्यावर लायनर 'टक्' करून सुटले. डावं मागचं चाक मात्र हटेना. त्याने फ्लॅटबेडच्या फळीवर साबणाचं पाणी ओतलं. चाक फिरणार नसेल तर घसरू दे.

विंचचा हुक त्याने बंपरला लावला नाही. खाली झोपून क्रॉसमेंबरला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, पत्रा आत जातोय का ते. तारेवर जुनं ब्लँकेट टाकलं आणि आम्हाला फाटकाबाहेर काढलं. तार तुटली तर पाय घेऊन जाते म्हणे. काकूंनी तेवढ्यात नारळ आणला. तो मात्र त्याने थांबून फोडू दिला.

पट्टे टायरवरून आवळले. मागच्या हाऊसिंगवरून ब्रेकची नळी जाते, तिथे साखळी टाकली की ती चेपते. बॉडी बांधली तर खड्ड्यात पाटे दबतात आणि पट्टा ढिला पडतो. तरीही जेहान सर्कलच्या अलीकडे तो बाजूला थांबला. एक पट्टा दोन खटके सुटलाच होता.

सातपूरला फळी तिरकी झाली आणि ब्रेक नसलेली, नऊशे किलोंच्या आसपासची गाडी विंचच्या तारेवर इंचाइंचाने खाली आली. मी म्हटलं, "डावं चाक जाम आहे, कुठे जाणार ती?"

"त्याच्यावर विसंबू नका दादा. आत्ता जाम आहे, दोन मिनिटांनी सुटेल."

त्याने चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि मगच हुक काढला. पद्मिनी दोन बोटं मागे सरकली आणि ठोकळ्यांना टेकून थांबली.